फोटोत ताई का नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्हीच काय, तो फोटो पाहिलेल्या प्रत्येकाने विचारलंय. लाल विटांचं दीपगृह, भिंतीला टेकवलेली सायकल आणि हेल्मेट काखोटीला मारून दात काढत उभी मी. "दोघी गेला होतात ना? मग ताई कुठायत?" फोटो ताईंनीच काढला असेल, असं म्हणून कुणी परस्पर माझी सुटका करतं आणि मीही ती मुकाट्याने करून घेते. फोटो एका डच जोडप्याने काढलाय.

सहलीचं पुराण पुन्हा लावत नाही. मे २०१९, स्कॉटलंडच्या पश्चिमेची आउटर हेब्रिडीज बेटं, दक्षिणेला वाटरसे ते उत्तर टोकाचं बट ऑफ लुइस (फोटोतलं दीपगृह तिथलंच), सायकलवर २९७ किलोमीटर, दहा बेटं, सहा कॉजवे, म्हणजे बेटं जोडणारे समुद्रातले भराव-रस्ते, आणि मध्ये दोन बोटी. बॅराच्या पुळणीवर ओहोटी बघून उतरणारं विमान, पाणमांजरं रस्ता ओलांडतात म्हणून लावलेल्या पाट्या, लस्केनटायरची पांढरी वाळू, सगळं अल्बममध्ये आहे. हवामानाबद्दल एवढंच की तिथे वारा बहुधा नैऋत्येचा, म्हणून सगळे दक्षिणेकडून उत्तरेला जातात. वारा पाठीशी राहतो. चार दिवस राहिलाही.

ही सगळी कल्पना ताईंची, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेची. पंचवीस वर्षं ग्लासगोत काढलेली ही बाई कॉलेजात असताना सदाशिव पेठेतून डबल सीट भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, शाळेत सोडायची. मी सायकल परत हातात धरली ती शेहेचाळिसाव्या वर्षी, तीही त्यांच्याच आग्रहाने. सामानाची वाटणीसुद्धा त्यांनीच केली होती. हवेचा पंप आणि चेनच्या तेलाची बाटली त्यांच्या पिशवीत, जादा ट्यूब आणि पंक्चरचं सामान माझ्या पिशवीत. ही वाटणी लक्षात ठेवा.

बर्नरेहून लेव्हरबरोला जाणाऱ्या बोटीत आम्ही शेवटचं मनापासून हसलो. ती बोट तासभर खडक चुकवत नागमोडी जाते. ताई म्हणाल्या, "ह्या गावाचं नाव कुणावरून माहितेय? लाइफबॉयवाल्यावरून." खरंच आहे ते. साबणवाल्या लेव्हर ब्रदर्सच्या लॉर्ड लेव्हरहल्मने १९१८ मध्ये ह्याच बेटांतलं लुइस आणि पुढच्या वर्षी हॅरिस विकत घेतलं. ऑब नावाच्या गावाला स्वतःचं नाव देऊन तिथे मासळीचं मोठं बंदर उभारायला निघाला आणि १९२५ मध्ये गेला. बंदर तिथेच बारगळलं. "आणि आपण त्याची लाल वडी झिजेस्तोवर घासायचो," ताई म्हणाल्या. वाड्यातल्या मोरीत वडीचा शेवटचा पापुद्रा नव्या वडीला कोण चिकटवायचं, ह्यावर त्यांच्यात आणि आमच्या ह्यांच्यात कशी मारामारी व्हायची, तेही सांगितलं.

आता तो रविवार.

हॅरिस आणि लुइसमध्ये रविवार पाळतात. आम्ही गेलो तेव्हा बहुतेक दुकानं बंद, बस बंद, दोरीवर कपडेसुद्धा सहसा कुणी वाळत घालत नव्हतं. स्टॉर्नोवेहून रविवारची नियमित बोट सुटायला लागली तीच २००९ मध्ये. टार्बर्टच्या मुक्कामी घरमालकिणीने आम्हाला लवकर न्याहारी दिली, कारण तिला प्रार्थनेला जायचं होतं. त्या दिवशी वारा फिरला. उत्तरेचा, समोरून, असा की उतारावरही पायडल मारावं लागत होतं. टार्बर्टनंतर रस्ता क्लिशम डोंगराच्या खांद्यावरून पलीकडे जातो. डोंगर ७९९ मीटर, पण रस्ता जेमतेम दोनशेपर्यंत चढतो. खंबाटकी चढणारे हसतील. पण खंबाटकीत समोरून भिंतीसारखा वारा नसतो आणि सत्तावन्न वर्षांचा गुडघा नसतो.

निम्म्यावर ताई उतरल्या. गाड्या थांबवायला रस्त्याकडेला जागा केलेली होती, तिथे सायकल आडवी टाकून बसल्या. क्रेप बँडेज सोडून पुन्हा गुंडाळायला लागल्या. बोटांना चेनचं काळं लागलेलं, ते बँडेजला लागत होतं. मी लिमलेटची गोळी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू हो पुढे. मी येतेच."

मी झाले पुढे.

आता वकिली करते. त्या स्वतः म्हणाल्या. मोठ्या आहेत. त्या देशात माझ्यापेक्षा पंचवीस वर्षं जास्त राहिल्यात. थंडीत थांबलं की अंग आखडतं, सायकलवाले आपापल्या चालीनेच चढतात आणि माथ्यावर थांबतात. हे सगळं मी त्या रात्रीच वहीत लिहिलं होतं. 'ताई स्वतःहून म्हणाल्या' ह्याखाली रेघही मारली होती.

ती रेघ बघितली की आज मला ती मारणाऱ्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशीच, भांडावंसं वाटतं. अगं, तू आपल्या घरात वाढलीस ना? पंगतीत वाढणारी बाई 'तुम्ही बसा, मी मागून बसते' म्हणते, तेव्हा तिला भूक नसते का? सासूबाई 'माझं काही नाही, तुम्ही जाऊन या' म्हणायच्या तेव्हा आपण किती वेळा खरंच गेलो? 'तू हो पुढे'चा अर्थ कळायला तुला शब्दकोश लागत होता?

आणि ती बाई मला उलट विचारते की दरवेळी माणसाच्या बोलण्याच्या उलटाच अर्थ काढायचा, तर माणसाने बोलायचं तरी कशाला? तिचंही काही चूक नाही.

पण एक गोष्ट वहीत नाही. त्यांनी म्हणायच्या आधीच माझ्या मनात ते आलं होतं. सकाळपासून मी दर दहा मिनिटांनी थांबत होते, मागे बघत होते आणि मला त्याचा कंटाळा आला होता. कंटाळा हा साधा शब्द आहे, राग म्हटलं तरी चालेल. त्यांनी 'हो पुढे' म्हटलं तेव्हा आधी काळजी वाटली नाही, हलकं वाटलं.

माथ्यावरून मागे पाहिलं. पिवळं जाकीट तिथेच होतं. मी हात केला. त्यांनी, म्हणजे त्या जाकिटाने, हात वर केला. 'जा' म्हणून की 'थांब' म्हणून, एवढ्या लांबून काय कळणार? मी 'जा' धरलं.

पलीकडे उतरून सीफोर्थ खाडीच्या काठाने जाताना एक सिमेंटचा बसथांबा लागला. त्या दिवशी बस नव्हतीच, पण आडोसा होता. तिथे चाळीस मिनिटं बसले. मोबाइलला रेंज नाही. पाऊस लागला. मुक्काम बालालनला, अजून वीसेक किलोमीटर पुढे. मागे जायचं तर तो चढ उलट्या बाजूने पुन्हा. शेवटी उठले आणि पुढे गेले. मागे नाही, पुढे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर एवढंच आहे, पण ते असं उघडं ठेवलं की लोकांचे चेहरे बदलतात.

संध्याकाळी बालालनच्या घरात शिरले तर मालकीणबाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा फोन येऊन गेला. सुखरूप आहे म्हणाली." बहीण. मी दुरुस्त केलं नाही. ताई तासभर तिथेच बसल्या, मग सायकल हातात धरून उलट्या उतरायला लागल्या. पुढचं चाक पंक्चर झालेलं. ट्यूब कुणाच्या पिशवीत होती ते सांगितलंय वर. चर्चहून परतणाऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याने मागचं सीट पाडून सायकल गाडीत घातली आणि त्यांना टार्बर्टला सोडलं.

पुण्यात आल्यावर मी घरात सांगितलं, "ताईंचा गुडघा भरून आला, त्या वाटेतून बसने परत गेल्या." दिवाळीत ताई आणि त्यांचा मुलगा आले होते. पानावर बसल्या बसल्या तो सहज म्हणाला, "मामी, रविवारी हॅरिसमध्ये बस नसते." टेबलावर कुणी काही बोललं नाही. ताई म्हणाल्या, "मीच तिला म्हटलं होतं, पुढे हो म्हणून," आणि आमटी वाढून घेतली. त्यांनी माझी बाजू घेतली की मला माझेच शब्द परत दिले, हे मला अजून सांगता येत नाही. विचारायचं म्हटलं तर कधीही विचारता येईल. फोन आठवड्याला होतो.

फोटोचं राहिलं. सोमवारी ताई बसने स्टॉर्नोवेला गेल्या. मी कॅलनिशचे प्राचीन उभे दगड बघत कार्लोवेला पोचले. तिथून फोन केला, "उद्या उत्तर टोकाकडची, नेसची बस धरा, दीपगृहापाशी भेटू, फोटो काढू." त्या म्हणाल्या, "बघते." ह्या वेळी अर्थ कळला. तरी मंगळवारी मी त्या कड्यावर दीड तास थांबले. मग त्या डच जोडप्याच्या हातात मोबाइल दिला आणि हसले, कारण कॅमेऱ्यासमोर माणूस हसतो.

संध्याकाळी स्टॉर्नोवेच्या धक्क्यावर ताई उभ्या होत्या. खाऱ्या हवेने आणि पावसाने माझी चेन कार्लोवेपासून कुरकुरत होती, गल्लीच्या टोकापासून ऐकू येत असणार. मी उतरले. त्यांनी माझ्याकडे नाही, खाली वाकून चेनकडे पाहिलं.

"तेल नाही घातलंस?"

"बाटली तुमच्याकडे राहिली."

त्यांनी पिशवी उघडली.