तुम्ही विचारलंत म्हणून : ज्युरीच्या खोलीत मतं बदलतात का?

डिसेंबरात ठाण्याला गेलो की कुणी ना कुणी विषय काढतंच. "काय रे, तू म्हणे तिकडे ज्युरीत बसला होतास?" (तिकडे म्हणजे अमेरिकेत, आणि ज्युरी म्हणजे खटला ऐकून निकाल देणारे साधे नागरिक.) मग चहाच्या दुसऱ्या घोटाला खरा प्रश्न येतो. "आत नेमकं चालतं काय? वाद घालून कुणाचं मत बदलतं का, की जो तो घरून ठरवूनच आलेला असतो?" तुमच्यापैकी बऱ्याच जणांनीही हेच विचारलंत. इतके दिवस "सांगेन निवांत" म्हणत मी वेळ मारून नेली. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा नानावटी खटला असतो. १९५९ साली मुंबईच्या सत्र न्यायालयात ज्युरीने नौदलातल्या कमांडर नानावटींना, बायकोच्या प्रियकराच्या खुनाच्या आरोपातून, आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. 'ब्लिट्झ' साप्ताहिक नानावटींची बाजू जोरात लावून धरत होतं, आणि ज्युरीतली माणसं काही दुसऱ्या शहरातून आणलेली नव्हती. "त्या खटल्यामुळेच आपल्याकडची ज्युरी गेली," असं आमचे काका छातीठोक सांगतात. खरं तर विधी आयोगाने १९५८ मध्येच, म्हणजे नानावटींनी गोळ्या झाडायच्या आधीच, ज्युरी बंद करायची शिफारस केली होती. काकांना हे सांगून दोन वर्षं झाली. काका अजून तेच सांगतात.

माझा खटला अगदी साधा. न्यू जर्सीतलं एक काउंटी कोर्ट, कुठलं ते राहू दे. रात्रभर उघड्या असणाऱ्या दुकानात एक जण टोपी कपाळावर ओढून शिरला, चाकू दाखवून गल्ल्यातले पैसे घेऊन गेला. गल्ल्यावर पन्नाशीचा एक गुजराती माणूस होता. काही दिवसांनी पोलिसांनी समोर ठेवलेल्या सहा फोटोंतून त्याने एक उचलला. आरोपी कृष्णवर्णीय, पंचविशीच्या आतला. कॅमेऱ्यातलं चित्र धूसर, चाकू सापडला नाही, पैसेही नाहीत. सगळा खटला त्या एका माणसाच्या डोळ्यांवर उभा.

साक्षीपुरावे ऐकायला आम्ही चौदा जण होतो. शेवटी चिठ्ठ्या काढून दोघांना बाजूला केलं. पहिल्या खुर्चीवरची बाई आपोआप फोरमन, म्हणजे ज्युरीची प्रमुख झाली, आमच्या राज्यात तशीच रीत आहे. मी सातव्या खुर्चीवर. खोलीत एक लांबट टेबल, कॉफीचं मशीन आणि दोन संडास, ज्यांची दारं थेट खोलीतच उघडत होती. दारं पातळ, त्यामुळे वाद रंगात आला की उठून जायची सोय नाही. आत गेलेल्यालाही सगळं ऐकू यायचं.

फोरमनबाईंनी आधी चिठ्ठ्यांवर मतं घेतली. नऊ दोषी, तीन दोषी नाही. मी नवांतला. शिकागोच्या कॅल्व्हन आणि झायझेल या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या ज्युरींची पाहणी करून १९६६ साली छापली. पहिल्या मतदानात ज्या बाजूला जास्त माणसं, निकाल दहातल्या साधारण नऊ वेळा तिकडेच जातो, असं त्यांना आढळलं. हे मी नंतर वाचलं. त्या दुपारी एवढंच कळत होतं की त्या तिघांकडे सगळे, लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यांकडे पाहावं तसे पाहत होते.

पूर्वग्रह म्हणाल, तर तो शिव्या देत येईल अशी माझी कल्पना होती. तो आला अनुभव बनून. ट्रक चालवणारा एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, "मी त्या वस्तीत वीस वर्षं माल पोचवलाय. तिथल्या पोरांना मी ओळखतो." कुणी काही बोललं नाही. वीस वर्षांच्या अनुभवापुढे काय बोलणार? कोलोरॅडोतल्या एका खटल्यात असाच एक ज्युरर होता, पूर्वी पोलिसात काम केलेला. आरोपी मेक्सिकन आहे म्हणजे त्यानेच केलं असणार, हे त्याने आपल्या नोकरीतल्या अनुभवाचा दाखला देऊन इतरांना सांगितलं. ज्युरीच्या खोलीत कोण काय बोललं हे एरवी कोर्ट उकरून काढत नाही. पण वंशाबद्दल कुणी उघड बोललं असेल तर तो पडदा बाजूला करता येईल, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये त्या प्रकरणात ठरवलं. आमचा ट्रकवाला मात्र 'वस्ती' म्हणाला होता. वंशाचं त्याने नावही काढलं नव्हतं.

त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही, कारण दुसऱ्या दिवशी पराक्रम मी केला. त्या तिघांना साक्षीदाराची जबानी पुन्हा पाहायची होती. कोर्टात नेऊन आम्हाला रेकॉर्डिंग दाखवलं. सरकारी वकील विचारतात, "तुमची खात्री आहे?" तो "येस सर" म्हणतो आणि मान हलवतो. वर-खाली नाही हो, आपली ती दोन्ही खांद्यांकडे झुलणारी मान. खोलीत परतल्यावर एक जण म्हणाला, "बघा, तोंडाने हो, मानेने नाही." मी हसलो. टेबलाशी उभा राहून बाकी अकराही जणांना मान झुलवून दाखवली. ही आमच्याकडची 'हो' आहे, दुकानदार उधारी द्यायला तयार झाला की अशीच हलते. सगळे हसले. तिघांतले दोघे तिथल्या तिथे फिरले. अकरा विरुद्ध एक, आणि आमचा निकाल एकमतानेच व्हायला हवा होता.

घरी जाताना छाती फुगली होती. १९०८ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा 'केसरी'तले लेख मराठीत आणि ज्युरीत सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतःच मांडली, दिवसचे दिवस, आणि भाषांतरं कुठे कशी घसरली आहेत हे दाखवत राहिले. निकाल सात विरुद्ध दोन, सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा. त्या सातांना मराठी समजावून सांगणारा कुणी आत हवा होता, असं शाळेपासून वाटत आलेलं. आज तो मी झालो, असा आव आणून मी जेवायला बसलो. खटला चालू असताना घरी बोलायची बंदी. बायकोने नुसतं एवढंच विचारलं, "आज इतका खूश का?"

तिसऱ्या दिवशी उरलेल्या एकटीने तोंड उघडलं. निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर, कृष्णवर्णीय, अकराव्या खुर्चीवरची. तिच्या हातात न्यायाधीशांच्या सूचनांची छापील प्रत होती. वेगळ्या वंशाच्या अनोळखी माणसाला ओळखताना चूक होण्याचा संभव जास्त असतो, ही सूचना न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये आणली आणि २०११ च्या एका निकालानंतर ओळख पटवण्याबद्दलच्या सूचना आणखी तपशीलवार केल्या. ते पान न्यायाधीशांनी वाचलं तेव्हा, खरं सांगतो, मी पार्किंगचा विचार करत होतो.

तिने ते पान वाचून दाखवलं नाही. माझ्याकडे पाहून म्हणाली, "मानेचं तू सांगितलंस ते मला पटलं. त्याची खात्री आहे, खोटं तो बोलत नाही. पण मंगळवारी तू माझी छत्री कुणाला दिलीस, आठवतं?"

आठवलं. पाऊस पडत होता, निघताना दारातली निळी छत्री उचलून मी अदबीने चौथ्या खुर्चीवरच्या बाईंना दिली होती, वर "काल तुम्ही शाळेच्या बसच्या गमती सांगितल्यात, मजा आली" असंही म्हटलं होतं. चौथ्या खुर्चीवरच्या बाई बँकेत होत्या. उंचीने हातभर कमी, चष्मा लावणाऱ्या. दोघींमध्ये सारखा तो एक कातडीचा रंग. आणि त्यांच्यासोबत मी आठवडाभर ट्यूबलाइटखाली बसलो होतो, समोर चाकू नसताना.

खोलीत कुणी हसलं नाही. तीही चिडलेली नव्हती. बसमध्ये दप्तर विसरलेल्या पोराला हाक मारावी तसं ती बोलली. चौथ्या खुर्चीवरच्या बाई टेबलाकडे पाहत होत्या. मी माझी चिठ्ठी बदलली. का बदलतोय तेही बोलून दाखवलं: साक्षीदारावर माझा विश्वास बसला तो तो माझ्या मामासारखा बोलतो म्हणून, आणि मी तुम्हाला पटवून दिला तो त्याचा प्रामाणिकपणा, त्याची नजर नव्हे. पुढे सगळं भराभर झालं असं समजू नका. अजून दीड दिवस लागला, ट्रकवाला सर्वांत शेवटी आला. तो पटून आला की कंटाळून, हे मला आजही सांगता येणार नाही. जाता जाता एवढंच म्हणाला, "मला तो त्या वस्तीतला वाटतो, पण वाटणं पुरेसं नाही म्हणतायत ना."

"मग तो चोर होता की नव्हता?" काकांचा पुढचा प्रश्न हाच. आमच्या फॉर्मवर दोनच रकाने होते, 'दोषी' आणि 'दोषी नाही'. काकांना हे उत्तर वाटत नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी रात्री दूध संपलं म्हणून त्या दुकानाशी गाडी थांबवली. मुद्दाम थांबवली म्हणा. गल्ल्यावर दाढी वाढलेला एक माणूस होता, डोक्यावर लोकरी टोपी. मी त्याच्याकडे दोनदा पाहिलं. तो तोच होता का, हे मला सांगता येईना. दूध ठेवलं, त्याने पैसे घेतले, पिशवी हवी का विचारलं. मी मान हलवली, आणि त्याने पिशवी दिली.