लेकीचा पलंग आणि सोसायटीचा फॉर्म

लेकीची खोली ९.५ बाय ८ फूट. एका ८ फुटी भिंतीला २ फूट खोल कपाट बिल्डरच्या काळापासून आहे, दार आत उघडतं, आणि खिडकीखाली काही ठेवायचं नाही हे मी आधीच ठरवलेलं, कारण पलंगावर चढलेलं मूल पुढच्या मिनिटाला खिडकीच्या कट्ट्यावर असतं. लेक साडेचार वर्षांची. तिला पलंग हवा होता 'वरचा', शिडीवाला, मैत्रिणीकडे आहे तसा.

वरचा पलंग पंख्यानेच बाद केला. आमचं छत ९.५ फुटांवर, पाती साधारण साडेआठ फुटांवर. पलंग ५ फुटांवर घेतला तर त्यावर उभं राहून हात वर केलेल्या मुलाचा पंजा थेट पात्यांत. अमेरिकेतला ग्राहक सुरक्षा आयोगही सहा वर्षांखालच्या मुलांना वरच्या बर्थवर झोपवू नका असंच सांगतो. हायड्रॉलिक पलंगालाही मी नाही म्हटलं. गादीसकट उचलायचं ते झाकण आणि लहान बोटं, ही जोडी मला नकोच होती.

मग जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून चिकटपट्टीने खऱ्या मापाचा पलंग आखला. हे प्रत्येकाने करावं. कागदावर सगळं बसतं; फरशीवर आखलं की दार कुठे अडतं आणि कपाटाची झडप कुठे आपटते ते कळतं. कपाटासमोरच्या भिंतीला लावला तर पलंगाची बाहेरची रुंदी ३ फूट २ इंच, पुढे ४ फूट ४ इंच मोकळे. त्यात खालून ओढायचा अडीच फुटी दुसरा पलंग काढला, तरी कपाटाची दीड फुटी झडप उघडते. ताप आला की आई किंवा आजी त्या खालच्या गादीवर. सासूबाईंनी आखलेल्या वर्तमानपत्रावर आडवं होऊन पसंती दिली.

आमचे मिस्त्री राजस्थानचे, शब्दाचे पक्के. प्लायच्या तीन-चार शीट लागतील, घरीच बनवून देतो म्हणाले. तोवर सगळं लोण्यासारखं चाललं होतं. मग मी सोसायटीच्या ऑफिसात गेले.

"मॅडम, लाकूडकाम म्हणजे इंटिरियर. इंटिरियर म्हणजे हा फॉर्म," असं म्हणत मॅनेजरने चार पानं पुढे सरकवली. तोडफोडीचे स्वरूप. राडारोडा अंदाजे किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगची हमी. बांधकामाला धक्का लागणार नाही असं आर्किटेक्टचं पत्र. कारागिरांची आधार कार्डं, फोटो, डिपॉझिटचा चेक. मी म्हटलं, अहो, मुलीचा पलंग करायचाय, भिंत नाही पाडायची. तर म्हणे, रकाना रिकामा ठेवता येत नाही, 'लागू नाही' लिहिलं तर कमिटी विचारते. शेवटी राडारोड्याच्या रकान्यात मी 'शून्य ब्रास' लिहिलं आणि ते मात्र चाललं.

पण अर्ज पुढे सरकेना. त्यावर सेक्रेटरींची सही आधी हवी आणि सेक्रेटरी मुलाकडे अमेरिकेत. चेअरमन काका भले गृहस्थ, जिन्यात भेटले की लेकीच्या गालाला हात लावतात, पण 'सेक्रेटरींच्या आधी मी सही केली तर पायंडा पडेल' यावर ठाम. मीटिंग महिन्यातून एकदा, तीही कोरम झाला तर. दरम्यान मिस्त्रींचे फोन, "भाभीजी, दूसरा काम पकडूँ क्या?" आणि लेकीचा रोजचा प्रश्न, पलंग आज येणार का. मला चीड पलंग लांबल्याची नव्हती. आमच्याच वरच्या मजल्यावर पहाटेपर्यंत ड्रिल चालतं तेव्हा हा फॉर्म कुठे असतो, याची होती.

मी उपविधी काढून वाचले. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत कमिटीची लेखी परवानगी लागते ती सदनिकेत वाढीव काम किंवा फेरबदल करायला. पलंग हा सदनिकेतला फेरबदल कसा, हे मला कुणी समजावून द्यावं! मॅनेजरचं उत्तर तयार होतं: "वार्षिक सभेत मांडा." वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायची असते. हे बोलणं चाललं होतं फेब्रुवारीत.

शिवाय मंजुरी मिळाली तरी काम १० ते १ आणि ४ ते ६, दुपारी वामकुक्षी. आणि प्लाय लिफ्टमधून न्यायची नाही. ८ बाय ४ची शीट तशीही आमच्या लिफ्टमध्ये उभी मावत नाही. १८ मिलिमीटरची एक शीट पस्तीस किलोच्या आसपास भरते, ती सातव्या मजल्यावर जिन्याने चढवायची हमाली वेगळी.

वाट सापडली ती गेटवरच्या वहीत. शेजाऱ्यांकडे दुकानातून सोफा आला, सिक्युरिटीने 'फर्निचर डिलिव्हरी' असं लिहिलं आणि टेम्पो आत सोडला. ना फॉर्म, ना डिपॉझिट, ना ब्रास. मी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला: पलंग तुमच्या वर्कशॉपमध्ये करा, सुटा करून आणा, इथे फक्त बोल्ट आवळा. त्यांनी प्लायवाल्याकडूनच मापाने शीट कापून घेतल्या, सनमायका तिथेच चिकटवला, आणि एका सकाळी पलंगाचे तुकडे रीतसर लिफ्टमधून वर आले. जोडणीला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. माझा अर्ज बहुधा अजून अमेरिकेची वाट बघत असेल. मला त्याचं सोयरसुतक नाही.

म्हणून सांगते, सोसायटीत राहत असाल तर घरी सुतारकाम काढूच नका, बाहेरून करवून आणा. धूळ नाही, करवतीचा आवाज नाही, आणि बोल्टचा पलंग घर बदलताना सुटाही होतो.

एक राहिलं, आणि खरं तर हे सगळ्यात आधीचं आहे: पलंगाआधी गादी ठरवा. सिंगल गादी ७२, ७५ किंवा ७८ बाय ३६ इंचांत सहज मिळते. मधलंच माप निघालं तर गादी मुद्दाम बनवून घ्यावी लागते आणि चादरीही धड बसत नाहीत. आम्ही ७५ घेतली, आतलं माप सगळीकडून अर्धा इंच मोकळं ठेवलं, चादर खोचायला. खालच्या गादीची जाडी ४ इंचांवर नेऊ नका, नाहीतर वरचा पलंग उंच होतो. आमची झोपायची उंची जेमतेम १६ इंच आहे, लेक पडली तरी फार लागत नाही. कोपरे गोल करून घ्या.

प्लायवर आयएस ७१०चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का बघून घ्या, निदान आयएस ३०३चा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा. गादीखालच्या फळीला भोकं पाडायला सांगा. पावसाळ्यात गादी खालून दमट होते. बाहेरची भिंत असेल तर पलंग दोन बोटं लांब ठेवा. नव्या सनमायकाचा आणि फेव्हिकॉलचा वास जाईपर्यंत आम्ही खोली खिडक्या उघडून रिकामी ठेवली, लेकीचा रुसवा सोसून.

आणि खालच्या पलंगाला चाकं रबराची लावा, लॉकवाली. आधी मिस्त्रींनी प्लॅस्टिकची आणली होती. रात्री ११ वाजता पलंग ओढला की खालच्या मजल्यावरचे आजोबा इंटरकॉम करायचे.