तुम्ही विचारलंत म्हणून: घरी शिकवता, मग इतिहास-भूगोलाचं काय करता?

होमस्कूलिंग म्हटलं की गणित-इंग्रजीबद्दल कोणी फारसं विचारत नाही, कारण त्याचे क्लास असतात. विचारतात ते हे, की इतिहास-भूगोल कसा घेता, पुस्तक वाचून दाखवता का, प्रोजेक्ट करून घेता का. ठाण्यातल्या दोन-तीन आयांनी गेल्या महिन्यात परत विचारलं म्हणून एकदा नीट लिहितेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे दोन विषय वेगळे करूच नका. जवळची एक जागा घ्या आणि तिथे मुलाला स्वतःच्या हाताने मोजता येईल अशी एक गोष्ट शोधा, कारण मोजायला लागलं की "असं का?" हा प्रश्न मूलच विचारतं आणि तिथून इतिहास आपोआप सुरू होतो.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट म्हणजे खाडी. गणपती विसर्जनाचे घाट आहेत ना, त्यांच्या पायऱ्या म्हणजे तयार मोजपट्टी. वरच्या कोरड्या पायरीवर बसायचं (खाली शेवाळ असतं, उतरायचं नाही) आणि दर अर्ध्या तासाने किती पायऱ्या उघड्या आहेत ते वहीत लिहायचं. सुरुवातीला पाणी हलतच नाही असं वाटतं, मधल्या दोन तासांत पायऱ्या भराभर बुडतात आणि शेवटी परत मंदावतं. याचा ग्राफ मुलीने स्वतः काढला तेव्हा ती वळणदार रेघ तिला जेवढी कळली तेवढी कुठल्या चित्रातून कळली नसती. पाणी उतरलं की चिखलावर निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) टुणटुण उड्या मारतात, त्यात अर्धा तास जातो, जाऊ द्या.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, तर सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. कालनिर्णय उघडायचं, तिथी बघायची, हिशोब मांडायचा आणि घाटावर जाऊन खरं की खोटं ते बघायचं. खाडीच्या आमच्या टोकाला पाणी मुंबई बंदरापेक्षा उशिरा चढतं, तो फरक मुलांनीच पकडला! भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे का सरकते हे मग चंद्र काढून समजावता येतं, आणि उधाणाची भरती (अमावस्या-पौर्णिमेची मोठी) न् भांगाची भरती (अष्टमीच्या आसपासची छोटी) हे शब्दही डोळ्यांनी बघून कळतात.

आता इतिहास. नकाशावर बोटाने साष्टी बेट (ज्यावर मुंबईची उपनगरं आणि ठाणं आहे ते) गिरवायला सांगा, एका बाजूला ठाण्याची खाडी, वर उल्हासची खाडी, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे ठाणं. मग विचारा, तू असतीस तर किल्ला कुठे बांधला असतास? ज्याच्या हातात ही चिंचोळी जागा त्याचं येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांवर लक्ष, हे मूल दोन मिनिटांत सांगतं. मग सांगायचं की तिथलाच ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगिजांकडून घेतला आणि आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. १७३७ पाठ करायला लागत नाही.

गच्चीवर काठीची सावली मोजणं तर कोणालाही जमेल. बारा ते एक दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करा. सगळ्यात छोटी सावली घड्याळात बाराला येतच नाही, ठाण्यात ती महिन्याप्रमाणे १२:२० ते १२:५५ च्या मध्ये कुठेतरी येते. नागपूरच्या मावशीला त्याच दिवशी करायला सांगितलं तर तिच्याकडे साधारण २४ मिनिटं आधी. मग देशभर एकच घड्याळ का? तर १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, मुंबईत तिला विरोध झाला आणि ३९ मिनिटं मागे असलेला बॉम्बे टाइम महापालिकेने पुढे कित्येक दशकं चालू ठेवला. रेखांशाचा धडा आणि वसाहतीच्या काळातला धडा, दोन्ही एका खडूत.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही, ते सोडा-व्हिनेगरचे ज्वालामुखी. मुलांना मजा येते, मान्य, पण आपला सह्याद्री असा शंकूतून नाही झाला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. त्यापेक्षा दिवाळीचा किल्ला नीट करा. राजगडाचा समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा मिळवा, प्रत्येक रेषेचा एकेक पुठ्ठा कापा, एकावर एक चिकटवा आणि मग वर माती लिंपा. जिथे रेषा चिकटून आहेत तिथे कडा, जिथे एकमेकींपासून लांब आहेत तिथे माची, म्हणजे कड्याखालची सपाट जागा. कठीण थराचा कडा उभा राहतो आणि मऊ थर झिजून सपाटी होते, म्हणजे पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या मुळात लाव्हाने दिलेली जागा आहे, महाराजांनी ती ओळखली आणि तटबंदी घातली. हे हाताला लागतं तेव्हा मुलं गप्प होऊन बघत बसतात. मावळे नंतर ठेवा, घाई नको.

दहावीचं काय, हेही विचारतातच. एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) १४ वर्षं पूर्ण झाली की माध्यमिक परीक्षेला बसता येतं, आणि सामाजिक शास्त्र घ्यायचंच अशी सक्ती तिथे नाही. त्या भीतीने आत्तापासून प्रश्नोत्तरं घोकवू नका.

या आठवड्यात सुरू करायचं असेल तर घाटच करा. तिथी बघून अशी वेळ निवडा की ओहोटीपासून भरतीपर्यंत उजेड असेल, पाणी आणि टोप्या घ्या, आणि पावसाळ्यातल्या उधाणाला मुलांना घेऊन जाऊच नका.