काचेवरचा ठसा

बैठकीच्या खोलीला मोठी खिडकी हवी, हा हट्ट माझाच होता. जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत एकसंध काच आणि समोर झाडे, अशी ती झालीही. एका सकाळी धप्पकन आवाज आला म्हणून बाहेर जाऊन पाहिले, तर पायरीवर एक होला मान टाकून पडला होता आणि काचेवर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, त्याचा पांढुरका ठसा उमटला होता. होल्यांच्या व पारव्यांच्या पिसांवर फार बारीक भुकटी असते. ती काचेला लागून पसरलेले दोन्ही पंख, छाती आणि पंखांच्या टोकांची एकेक पीसही त्या ठशात वेगळी दिसत होती. शेवटच्या क्षणी बाजूला वळल्याची कसलीही खूण त्यात नव्हती. समोर काही आहे, हे त्याला कळलेच नव्हते.

ते का कळले नसावे, हे मला अंगणात उभे राहिल्यावर समजले. दिवसा घराच्या आतला भाग बाहेरच्या मानाने अंधारा असतो, त्यामुळे तीच काच आतून पारदर्शक वाटते आणि बाहेरून आरसा होते. माझ्या काचेत समोरचे अख्खे झाड, त्यामागचे आभाळ आणि फांद्यांमधल्या मोकळ्या जागाही जशाच्या तशा दिसत होत्या. माणूस चौकट, कडी आणि भिंत पाहून काच ओळखायला शिकतो. पक्ष्याला हे संकेत उमगत नाहीत, तो सरळ त्या झाडाकडे झेपावतो. काही घरांत अडचण उलटी असते. समोरासमोरच्या दोन खिडक्यांमधून किंवा कोपऱ्यातल्या काचांमधून पलीकडची हिरवळ आरपार दिसते आणि पक्ष्याला तो मोकळा रस्ता वाटतो.

अमेरिकेतील पक्षीशास्त्रज्ञ डॅनियल क्लेम १९७० च्या दशकापासून याच प्रश्नाचा अभ्यास करीत आले आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने एकट्या अमेरिकेत इमारतींवर आदळून दरवर्षी ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी मरत असावेत, असा अंदाज मांडला. मला अधिक अस्वस्थ केले ते त्यातल्या विभागणीने. या मृत्यूंपैकी सुमारे ४४ टक्के एक ते तीन मजली घरांच्या वाट्याला येतात आणि उंच मनोऱ्यांचा वाटा एक टक्काही भरत नाही. एकेका मनोऱ्यावर मरणारे पक्षी पुष्कळ असतात, पण घरे संख्येने कितीतरी जास्त आहेत.

पहिला उपाय म्हणून मी तेच केले जे बहुतेक लोक करतात. ससाण्याच्या आकाराचे तीन काळे स्टिकर आणले आणि आतल्या बाजूने ऐटीत चिकटवले. त्यात दोन चुका होत्या. न हलणाऱ्या ससाण्याला पक्षी ससाणा मानत नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो फक्त एक अडथळा असतो, आणि त्याला टाळून ते शेजारच्या रिकाम्या काचेवर आदळतात. दुसरी चूक अशी की, प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर पडते आणि आतले स्टिकर त्याच्या मागे झाकले जातात. अंगणातून मला स्वतःलाच ते तीन ससाणे शोधावे लागले होते.

महत्त्व आकाराला नाही, खुणांमधल्या अंतराला आहे. लहान पक्षी अगदी अरुंद फटीतूनही सहज निघून जातो, म्हणून आपण मावणार नाही असे त्याला वाटेल इतक्या जवळ खुणा हव्यात. आज शिफारस केली जाते ती साधारण पाच सेंटिमीटर अंतराची, उभीही आणि आडवीही, आणि तीही काचेच्या संपूर्ण बाहेरच्या बाजूवर. ठिपके सहा मिलिमीटरइतके लहान असले तरी चालतात. शिकागोमधील मॅककॉर्मिक प्लेस या सभागृहाच्या काचांवर ऑक्टोबर २०२३ मध्ये एकाच रात्रीत सुमारे हजार स्थलांतरी पक्षी आदळून मेले होते; पुढच्या वर्षी तिथे अशीच ठिपक्यांची फिल्म बसवली गेली आणि मृत्यूंचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटले.

मोठ्या खिडकीसाठी मी ठिपक्यांची पट्टी निवडली. पाच सेंटिमीटरच्या खुणा केलेली लांब पट्टी काचेवर धरायची, ठिपके दाबायचे आणि वरचा पातळ कागद अलगद ओढून काढायचा. कामाला दोन दिवस लागले आणि मान अवघडली. आतून दृश्य बिघडेल अशी भीती होती, पण आठवडाभरात डोळ्यांना ठिपक्यांची सवय झाली. जिन्याजवळच्या खिडकीला ठिपके न लावता बाहेरून दहा-दहा सेंटिमीटरवर पातळ दोऱ्या लोंबत्या सोडल्या आहेत. शयनगृहाच्या खिडकीला बाहेरून डासांची जाळी होतीच. काचेपासून थोडी दूर ताणलेली असल्याने ती प्रतिबिंब मंद करते आणि धडक बसलीच तरी झेलते. माणसाला न दिसणाऱ्या, पण पक्ष्यांना दिसाव्यात म्हणून केलेल्या अतिनील खुणांचे स्टिकर मात्र मी घेतले नाहीत, कारण सगळ्याच पक्ष्यांना त्या सारख्या दिसत नाहीत आणि उन्हात त्या फिक्या पडतात.

पाण्याचे भांडेही हलवावे लागले. ते खिडकीपासून पाच-सहा मीटरवर होते, आणि तेच सर्वांत वाईट अंतर, कारण दचकून उडालेला पक्षी तेवढ्यात पुरता वेग घेतो. आता ते काचेपासून हातभर अंतरावर आहे, जिथून झेप घेतली तरी धडक हलकी बसते.

एखादा पक्षी आदळून जिवंत सापडला, तर त्याला हवेची छिद्रे असलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात आणि शांततेत ठेवावे. पाणी पाजू नये, काही भरवू नये, सारखे झाकण उघडून पाहू नये. तास-दोन तासांनी खोके घराबाहेर नेऊन उघडावे. तरीही तो उडाला नाही, तर पक्ष्यांवर उपचार करणाऱ्यांकडे न्यावे. लगेच उडून गेलेला प्रत्येक पक्षी वाचतोच असे नाही, कारण डोक्यातला रक्तस्राव बाहेरून दिसत नाही.

स्वयंपाकघराची एक खिडकी अजून राहिली आहे. ठिपके संपले, म्हणून सध्या तिच्यावर बाहेरून साबणाच्या वडीने एकमेकींच्या जवळ उभ्या रेघा ओढल्या आहेत. पावसाची मोठी सर आली की त्या धुऊन जातात आणि शिडी पुन्हा बाहेर काढावी लागते.