चेनसॉ: खरेदीपासून धार लावण्यापर्यंत, माझा अनुभव

चेनसॉ घ्यायचा म्हटलं की ज्याच्या त्याच्या तोंडी पहिला प्रश्न एकच, किती सीसीचा घेणार? मीही तोच प्रश्न घेऊन चौकशीला सुरुवात केली. पण चार ठिकाणी फिरल्यावर आणि रोज लाकूड कापणाऱ्या माणसांशी बोलल्यावर कळलं की इंजिन निवडणं हा त्यातला सोपा भाग. लाकूड कापते ती चेन, इंजिन तिला नुसतं फिरवतं. चेन योग्य असली आणि तिची धार राखली तर मध्यम ताकदीचा सॉसुद्धा दिवसभर नेटाने चालतो. चेन बोथट असेल तर मोठ्यातलं मोठं इंजिन धूर काढत बसतं.

माझं काम वाळलेली झाडं आणि पडलेल्या फांद्या कापून जळण करायचं. लाकूड मनगटापासून मांडीइतक्या जाडीचं, क्वचित त्याहून मोठं. त्याला 35 ते 40 सीसीचं इंजिन आणि 14 किंवा 16 इंची बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती पुढची लांब पट्टी, पुरतो. एखादा ओंडका बारपेक्षा जाड निघालाच तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. लहान इंजिनावर हौसेने लांब बार चढवला की इंजिनावर ताण येतो, चेनचं तेल टोकापर्यंत पुरत नाही, आणि ते टोक नेमकं कुठे लागतंय याकडे लक्ष राहत नाही. बॅटरीवरचा सॉही मी नीट पाहिला. सुरू करायला सोपा, आवाज कमी, पेट्रोल-ऑइल मिसळायची कटकट नाही. अधूनमधून फांद्या छाटायच्या असतील त्यांना मी तोच सुचवीन. मला विजेपासून लांब, सलग काम करायचं होतं म्हणून पेट्रोलचा घेतला. चेन, बार, धार आणि चेनचं तेल मात्र दोन्हींना सारखंच लागतं.

माहितीपत्रकातलं वजन बहुतेक वेळा बार-चेन न लावता आणि टाक्या रिकाम्या ठेवून दिलेलं असतं. म्हणून बार लावलेला सॉच हातात मागायचा. मी हातमोजे घालूनच सगळं तपासलं. टाक्यांची झाकणं मोज्यांसकट उघडतात का, डाव्या हाताची पकड न सोडता मनगटाने चेन ब्रेक, म्हणजे फिरती चेन थांबवणारा दांडा, पुढे ढकलता येतो का, चेन ताणायचा स्क्रू कुठे आहे. एका चांगल्या मॉडेलवर तो स्क्रू समोरून, चेनच्या अगदी शेजारी होता. दर थोड्या वेळाने ताण तपासायचा म्हणजे बोटं दातांजवळ न्यायची, म्हणून तो सोडला आणि बाजूने स्क्रू असलेला घेतला. एअर फिल्टर, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक), बार हे सुटे भाग सहज मिळतात ना, हेही आधीच विचारून घेतलं.

आता आकडे. जादा चेन घेताना तीन गोष्टी जुळाव्याच लागतात: पिच, गेज आणि ड्राइव्ह लिंकची संख्या. पिच म्हणजे चेनचे सलग तीन रिव्हेट धरायचे, पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. लहान सॉवर बहुधा 3/8 इंच लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीची, असते, मधल्यांवर 0.325, मोठ्यांवर 3/8 आणि त्याहून दांडग्यांवर 0.404. गेज म्हणजे बारच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या जिभेची जाडी: 1.1, 1.3, 1.5 किंवा 1.6 मिलिमीटर. ड्राइव्ह लिंक म्हणजे त्याच जिभा, त्या एकेक करून मोजायच्या. हे आकडे बारच्या मागच्या टोकाला ठोकलेले असतात, पण तिथेच तेल आणि भुशाचा काळा थर बसतो. चिंधीला थोडं पेट्रोल लावून पुसलं की स्पष्ट दिसतात.

पहिली जादा चेन मागितली तेव्हा दुकानदाराने जुनी चेन शेजारी धरून लांबी जुळवली आणि नवी बांधून दिली. लांबी बरोबर होती, पिचही. पण माझ्या बारची खाच 1.3 ची आणि चेन 1.5 ची. ती खाचेत उतरलीच नाही, म्हणून लगेच बदलून घेतली. उलट झालं असतं तर जास्त वाईट, कारण रुंद खाचेत पातळ चेन बसते, फिरतेसुद्धा, पण डुगडुगत चालते, वाकडी कापते आणि बार खाऊन टाकते. म्हणून चेन बघून देतो म्हणणाऱ्याला मी आता तीन आकडे लिहिलेली चिठ्ठीच देते.

दातांचे प्रकारही समजून घ्यावे लागले. फुल चिझल दाताचा कोपरा टोकदार असतो, स्वच्छ लाकडात तो झपाट्याने जातो, पण माती लागली की लगेच मरतो. सेमी चिझलचा कोपरा गोलसर असतो. वेग थोडा कमी, पण मातकट, वाळक्या, कडक लाकडात धार टिकते. माझं लाकूड जमिनीवर पडलेलं, म्हणून मी सेमी चिझलच वापरते.

चेनच्या आजच्या दाताचा जन्म कसा झाला, ती गोष्ट मला फार आवडते. आधीच्या चेनचे दात हातकरवतीसारखे ओरखडत जायचे. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने 1946 साली एका ओंडक्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. ती आपले जबडे डावीकडे-उजवीकडे चालवत कडक लाकडातून आरामात वाट काढत होती. त्याने तशाच वळणाचे दात पोलादात घडवले, एक डावा, एक उजवा. आज बहुतेक सगळ्या चेन त्याच रचनेच्या आहेत. धार लावताना डावा-उजवा दात आलटून पालटून समोर येतो तो यामुळेच.

सॉसोबतच मी जाळीचं आणि कानपट्ट्यांचं हेल्मेट, पायांना बांधायचे चॅप्स, हातमोजे आणि पुढे कडक टोक असलेले बूट घेतले. चॅप्समध्ये लांब धाग्यांचे थर असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन स्प्रॉकेटमध्ये अडकतात आणि चेन थांबते. पेट्रोल सॉचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, त्यामुळे कानपट्ट्या चैनीची वस्तू नाही. पैसे कमी पडत असतील तर लांब बार सोडा, पण हे सोडू नका.

किकबॅक तर शिकूनच घ्यायचा. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला टेकला की सॉ क्षणात वर, माणसाकडे उसळतो. त्यामुळे टोकाने कापायचं नाही, डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून पूर्ण वळलेला हवा, आणि डोकं चेनच्या रेषेत ठेवायचं नाही. सॉ सुरू करताना तो जमिनीवर, ब्रेक लावलेला, मागच्या हँडलमध्ये उजवा पाय. हवेत धरून दोरी ओढणारे पुष्कळ दिसतात, त्यांचं अनुकरण करू नये.

माझा खरा वेळ गेला तो धार शिकण्यात. धार गेल्याचं लाकूडच सांगतं. धारदार चेन जाडसर ढलप्या फेकते, बोथट झाली की पिठासारखा भुसा पडू लागतो आणि सॉ दाबावा लागतो. दाबायची वेळ आली की थांबायचं.

गोल कानस पिचप्रमाणे घ्यायची: 3/8 लो-प्रोफाइलला 4 मिलिमीटर, 0.325 ला 4.8. चेनच्या पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच प्रमाण. बार शिकंज्यात घट्ट धरते, चेन थोडी ताणून ठेवते म्हणजे दात डुलत नाही, आणि पहिल्या दातावर मार्करने खूण करते. दाताच्या माथ्यावर कोरलेली तिरकी रेघ असते, बहुधा 30 अंशांची, कानस तिला समांतर. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर दिसायला हवा. दाताच्या आतून बाहेर, फक्त पुढे ढकलताना दाब, मागे आणताना उचलायची. मागेपुढे घासली तर कानसच बोथट होते.

दात उजेडात तिरका धरला की बोथट कड पांढऱ्या बारीक रेघेसारखी चमकते. त्या रेघेवरून उजेड परत येतो, म्हणजे तिथे गोलाई आहे. कानस दोन-तीनदा चालली की रेघ बारीक होते, मग तुटक होते, मग दिसेनाशी होते. पहिल्या फटक्यांना कानस दातावरून घसरल्यासारखी किरकिरते, नंतर पकडून सलग आवाज करते. हा फरक कानाला कळायला लागल्यावर मी फटके मोजणं सोडलं. दाताच्या माथ्यावर क्रोमचा पातळ थर असतो आणि धार तोच धरतो. दगड लागून क्रोम उडाला असेल तर तो भाग पूर्ण घासून जाईपर्यंत पुढे जावंच लागतं, नाहीतर चकचकीत दिसणारा दातही कापत नाही.

सगळे दात एका लांबीचे हवेत. उजव्या हाताने काम करणाऱ्याची एक बाजू नेहमी जोरकस बसते, दुसरी हलकी. मग एका बाजूचे दात लांब राहतात आणि काप सरळ न जाता कमानीसारखा वळत जातो. मी कॅलिपरने सगळ्यात आखूड दात शोधते आणि बाकीचे त्याच्याशी जुळवते. तीन-चार वेळा धार लावली की दाताच्या पुढचा उंचवटा, म्हणजे रेकर, पट्टी ठेवून चपट्या कानशीने उतरवायचा. बहुतेक चेनना दातापेक्षा 0.65 मिलिमीटर खाली सांगतात. उंच राहिला तर धारदार दातही लाकडात शिरत नाही, जास्त उतरवला तर चेन हिसके देते आणि किकबॅक वाढतो. कारागीर लोकही रेकर विसरतात, आणि मग चेन संपली म्हणून नवी घ्यायला लावतात.

इंधनाला माझ्या सॉला 50 ला 1 प्रमाण आहे, म्हणजे लिटर पेट्रोलला 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. जुन्या मशीनना प्रमाण वेगळं असतं, पुस्तिका बघावी. थोडंच मिसळते, कारण इथेनॉल असलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं आणि पडून राहिलं की कार्ब्युरेटरचा पडदा खराब करतं. चेनला चेनचंच चिकट तेल घालते. गाडीतून काढलेलं जुनं ऑइल कोणी सुचवतं, त्यात धातूचा कीस असतो आणि पंपाची वाट लागते. तेल येतंय का हे बघायला सॉ पुठ्ठ्यासमोर धरून वेगाने फिरवायचा, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

चेनचा ताण असा: जिभा खाचेतच राहाव्यात, खाली लोंबकळू नये, आणि ब्रेक सोडून मोज्याच्या हाताने फिरावी. नवी चेन सुरुवातीला लांबते, म्हणून वारंवार बघायची. तापलेली चेन ताणली असेल तर काम संपल्यावर सैल करायची, कारण थंड झाली की आवळते आणि शाफ्टवर ओढ देते.

बार मी दर धारेच्या वेळी उलटा करते, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. खाच पातळ पट्टीने खरवडायची, तेलाचं भोक मोकळं करायचं, कडेला आलेले धारदार काटे चपट्या कानशीने काढायचे. स्प्रॉकेटवर खोल चरे दिसले की नवी चेन त्यावर चढवायची नाही. साधारण दोन चेनमागे एक स्प्रॉकेट बदललेला बरा. महिनाभर काम नसेल तेव्हा मी टाकी रिकामी करून इंजिन आपणहून बंद पडेपर्यंत चालवते, फिल्टर झटकते, बारवर म्यान चढवते आणि पुढच्या धारेसाठी 4 मिलिमीटरची नवी कानस आणून ठेवते.