एका घोडीचं एक मत

मागच्या रविवारी दादरला एका हॉलमध्ये मी घोड्यांच्या संस्थेची निवडणूक घेतली. म्हणजे घोडे पाळणाऱ्यांची, घोडे मतदानाला नव्हते, हे आधीच सांगतो कारण घरी आल्यापासून मुलीने तोच जोक चारदा मारून झालाय. माझा घोड्यांशी संबंध म्हणाल तर लहानपणी जुहूला एक फेरी, आणि माथेरानला घोड्याचे पैसे वाचवायला दस्तुरीपासून बॅगा उचलून चालत गेलो होतो ते. पण आमच्या सोसायटीची निवडणूक मी दोनदा घेतलीय आणि दोन्ही वेळा कुणी कुणाची कॉलर धरली नाही, त्यामुळे नातेवाईकांत माझं नाव झालंय.

मामेभाऊ धुळ्याकडचा. त्याच्याकडे मारवाडी घोडी आहे, मारवाडी म्हणजे ते कान आत वळून टोकाला टोक टेकतं ते. त्याचा फोन आला, "दादा, तुला घोड्यातलं काही कळत नाही ना?" म्हटलं नाही. "मग तूच पाहिजेस, कळणारे सगळे एकेका पार्टीत आहेत."

संस्थेचं नाव लिहीत नाही, उगाच भांडणं नकोत. नोंदणी मुंबईची, सभासद खान्देश, नाशिक, पुणे, कोल्हापूर असे पसरलेले. कार्यकारिणी ११ जणांची, त्यातल्या ५ जागा यावेळी रिकाम्या, मुदत तीन वर्षं. मला वाटलं सोसायटीसारखंच असेल, गळती आणि पार्किंगच्या जागी चारा आणि नाल. तसं अजिबात नसतं.

पहिली भानगड मतदार यादी. शेवटच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात ३१ नवे सभासद. सगळ्यांचा पत्ता एकाच गावचा, फी एकाच खात्यातून आलेली, आणि फॉर्मवरचं अक्षर पण एकच. खोगीरभरती हा शब्द आपण कुठेही वापरतो, पण मी पहिल्यांदाच तो जिथला आहे तिथे वापरला आणि यादी दाखवायला आलेले एक काका इतके हसले की चहा सांडला. संस्थेच्या घटनेत लिहिलंय की मत द्यायचं तर नावावर किमान एक नोंदवलेला घोडा पाहिजे. मी त्यातल्या एकाला फोन करून विचारलं तुमचा घोडा कुठला, तर म्हणे "येणाराय, सारंगखेड्याला बघून ठेवलाय." सारंगखेड्याची जत्रा दत्तजयंतीला, डिसेंबरात. आत्ता कुठला महिना चाललाय! ३१ पैकी २८ नावं काढली. उरलेल्या तिघांकडे खरंच घोडे होते, तेवढं मात्र मान्य केलं.

दुसरी भानगड घोडीची, आणि हिने माझी दोन रात्रींची झोप घालवली. एक घोडी, मालक तीन भाऊ. नोंदणीच्या दाखल्यावर तिघांची नावं, तिघांनी स्वतंत्र सभासद फी भरलेली, तिघांना मत पाहिजे. घटना म्हणते "नोंदणीकृत मालकास एक मत." आता मालक एक का तीन? समोरची पार्टी म्हणायला लागली की असं असेल तर आम्ही पण उद्या एका शिंगरावर गावातल्या चाळीस जणांची नावं चढवतो. बरोबरच आहे त्यांचं. मी शेवटी फ्लॅटचाच नियम लावला, शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं तो मत देणार, तो नसेल तर दुसरा. दाखल्यावर पहिलं नाव थोरल्याचं. थोरला कल्याणला नोकरीला, घोडीकडे दिवाळीत एकदा जाणार, फोटो काढून परत येणार. रोज पहाटे उठून खरारा करणारा, पोटात दुखलं तर रात्रभर तिला चालवणारा धाकटा, आणि त्याचं नाव तिसरं. तो फोनवर मला म्हणाला, "साहेब, घोडीला विचारा ना मालक कोण ते." माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम एकदा सांगितला तो सांगितला, पण नियम वाईट होता हे मला तेव्हाच कळत होतं, फ्लॅटला रोज पहाटे खरारा लागत नाही ना.

रविवार उजाडला तो माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक घेऊनच. मी स्वतः मुलुंडचा, डबा, शाई, मतपत्रिका घेऊन फास्ट लाइनवरून वळवलेल्या स्लो गाडीत उभा. डबा म्हणजे आमच्या घरचा तांदळाचा पत्र्याचा डबा, झाकणाला भेग पाडून घेतलेली, बायको अजून बोलत नाहीये. नंदुरबार-धुळ्याची मंडळी रात्रीच्या गाडीने येऊन सकाळी सातलाच हॉलच्या पायरीवर बसलेली आणि ठाण्या-डोंबिवलीचे साडेअकरा झाले तरी पत्ता नाही. कोरम भरेना. मग सभा तहकूब, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सुरू, हा आपला महाराष्ट्रातला सगळ्यात जुना खेळ. त्या अर्ध्या तासात जे ऐकलं त्यासाठी तरी मी गेलो हे बरं झालं. पंचकल्याण, अबलख, नुकरा अशी घोड्यांच्या रंगांची नावं, कुणाच्या घोड्याला गळ्यावर देवमणाचा भोवरा आहे (केसांचा, शुभ मानतात तो), कुणाच्याला नाही पण दाखवतात. एक आजोबा समोरच्या उमेदवाराकडे बघून सिरियसली म्हणाले, "चाल बरीय, पण तोंड जड आहे." लगामाला दाद देत नाही असा अर्थ, हे भावाने नंतर सांगितलं.

प्रत्येक उमेदवाराला तीन मिनिटं दिली होती. बहुतेकांनी संस्था वाढवू, शो मोठा करू, मुंबईत ऑफिस घेऊ असंच काय काय सांगितलं. मग एक रिटायर्ड व्हेट बाई उठल्या. त्या म्हणाल्या मला बाकी काही नको, नोंदवहीचं काम माझ्याकडे द्या. प्रत्येक शिंगराचे आणि त्याच्या आईबापाचे केस मुळासकट घ्यायचे, डीएनए जुळला तरच नाव चढवायचं. हॉल एकदम शांत. मग मागून एकजण, ज्याच्या घोड्याकडे अर्ध्या हॉलच्या घोड्या लावायला जातात, तो म्हणाला, "म्हणजे आमचा शब्द पुरेसा नाही का?"

मला तेव्हा टयूब पेटली की भांडण खुर्चीचं नाहीये, वहीचं आहे. वहीत नाव असेल तर मारवाडी, नसेल तर नुसता घोडा, लग्नाच्या वरातीला जाणारा. किंमत त्या एका ओळीवर. आणि ती ओळ लिहिणारा माणूस स्वतः घोडे विकत असेल तर? बाईंनी एक किस्सा सांगितला तो मी घरी येऊन वाचून पण काढला. इंग्लंडात रेसच्या थरोब्रेड घोड्यांची वही १७९३ पासून छापतात. १९१३ साली त्यांनी नियम केला की ज्याचे सगळे पूर्वज आधीच्या वहीत सापडतात तोच घोडा चढवायचा, म्हणजे सरळसरळ अमेरिकन रक्त बाहेर. पुढच्याच वर्षी, १९१४ला, एप्समची डर्बी जिंकली दरबार नावाच्या घोड्याने, फ्रान्समधला, आईकडून अमेरिकन रक्त. इंग्लंडची सगळ्यात मोठी रेस मारली आणि इंग्रजांच्या वहीच्या हिशोबाने तो अस्सलच नाही! तो नियम १९४९ला सुटला, छत्तीस वर्षांनी. घोडे काय करणार, पळत राहिले. आणि दुसऱ्याचा घोडा बाहेर ठेवायला कुणाला नियम बदलायचीही गरज नसते, पेन हातात असलं की झालं.

अजून एक गोष्ट मला लोकलमध्ये उभ्या उभ्या सुचली होती ती बोललो नाही, निवडणूक अधिकाऱ्याने बोलायचं नसतं. कार्यकारिणी तीन वर्षांची. आज ठराव केला की अमुक घोड्याकडे लावा, तर घोडी गाभण अकरा महिने, शिंगरू जन्मलं की त्याची चाल, त्याची हाडं, स्वारीखाली कसं आहे हे कळायला अजून तीन-चार वर्षं. म्हणजे चूक दिसेपर्यंत चूक करणारे उतरलेले असणार, शिव्या पुढच्यांना. एका तरुण पोराने मांडलं होतं की एका घोड्याकडे हंगामात किती घोड्या लावायच्या याला मर्यादा घाला, नाहीतर शो जिंकणाऱ्या दोन-तीन घोड्यांचीच पोरं सगळीकडे होतील आणि मग भावाबहिणीतच लावत बसाल. आधीच देशात घोडे कमी होतायत, २०१२च्या पशुगणनेत सव्वासहा लाख होते ते २०१९ला ३.४ लाखांवर आले. पोरगा बरोबर बोलत होता पण चाचरत बोलला, आणि टाळ्या पडल्या ऑफिस घेऊ म्हणणाऱ्याला.

मतदानात फार काही नाही. थोरला भाऊ कल्याणहून आला, धाकटा गावाहून, मधला पण आला बघायला. मतपत्रिका थोरल्याच्या हातात दिली आणि तिघं जिन्यात गेले. मी म्हटलं गुप्त मतदान आहे हो, एकट्याने करायचं. "एकट्यानेच करतोय, फक्त विचार तिघं करतोय." वीस मिनिटं जिन्यातून आवाज येत होते. मध्ये आईला पण फोन लावला होता, स्पीकरवर, ती माउली विचारत होती घोडीला सकाळी पाणी कुणी दाखवलं, तुम्ही तिघं तर तिकडे. मग शांत झाले आणि थोरल्याने येऊन डब्यात कागद टाकला.

मोजणी दीड तास. बाई निवडून आल्या, पाचव्या नंबरावर, दोन मतांनी. ज्याचा शब्द पुरेसा होता तो पहिल्या नंबराने आला. मर्यादावालं पोरगं पडलं. आता चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याची नोंद, ९० दिवसांत वरळीला धर्मादाय आयुक्तांकडे जायला पाहिजे, तेही माझ्याच गळ्यात मारायला बघत होते, मी सरळ नाही म्हटलं.

परतीला भाऊ माझ्याबरोबर होता, मुक्कामाला आमच्याकडेच. ब्लॉक सुटलेला, गाडी रिकामी. म्हणाला, किती मतं बाद झाली? म्हटलं एक. पाच जागांना सात फुल्या, त्यातल्या दोन खोडून पुन्हा मारलेल्या, आणि तीन वेगवेगळ्या पेनांनी. तो बराच वेळ गप्प बसला, मग विचारलं, कुणाचं होतं रे? मी म्हटलं गुप्त मतदान आहे, आणि कुर्ला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.