तुम्ही विचारलंत म्हणून: भीती नाही वाटत?

सांगलीला आले की कुणी ना कुणी विचारतंच, 'एवढ्या ओसाड रस्त्यानं एकटी गाडी चालवतेस, भीती नाही वाटत?' वाटते. पण ओसाडपणाची नाही, कातरवेळेची.

ऑस्ट्रेलियात मी डबो नावाच्या गावात राहते. लहान गावांच्या रुग्णालयांतली यंत्रं तपासायची, बिघडली तर दुरुस्त करायची, हे माझं काम. सगळ्यात लांबचं गाव ब्रोकन हिल, साडेसातशे किलोमीटरवर. वाटेतलं कोबार गाव सोडलं की पुढच्या विल्कॅनिया गावापर्यंतच्या २६० किलोमीटरमध्ये एमडेलचं एक रोडहाउस, म्हणजे पेट्रोल आणि खाण्यापिण्याचं ठिकाण, बाकी लाल माती आणि मल्गाची खुरटी झाडं. मोबाइलला रेंज बराच वेळ नसते.

दिवस कलला की कांगारू चरायला रस्त्याच्या कडेला येतात, आणि पश्चिमेला जाणाऱ्याच्या नेमकं तेव्हाच डोळ्यांत ऊन असतं. समोर कांगारू आलं तर स्टिअरिंग वळवायचं नाही, सरळ ब्रेक दाबायचा. वळवलं तर गाडी उलटते. हे माहीत असूनही हात वळायला बघतातच, म्हणून मी ती वेळच टाळते. ब्रोकन हिल न्यू साउथ वेल्समध्ये असूनही दक्षिण ऑस्ट्रेलियाची वेळ पाळतं, सिडनीच्या अर्धा तास मागे. त्यामुळे मी घड्याळापेक्षा सूर्याकडे बघते. काम उरलं तरी उरू दे, मुक्काम करते. आई म्हणायची, दिवेलागणीच्या आत घरात. ते इथे जितकं मनापासून पाळते तितकं सांगलीत कधी पाळलं नव्हतं.

दिवसा सावध राहायचं ते रोड ट्रेनपासून. दोन ट्रेलर जोडलेला ट्रक, लांबी ३६ मीटरच्या वर. निदान दीड किलोमीटर रस्ता मोकळा दिसल्याशिवाय मी त्याच्या पुढे जात नाही. गाडीत एकमेकांशी बोलायचा रेडिओ आहे, त्यावर ट्रकवाल्यांचा चॅनल ४० लावलेला असतो. मी मागे आहे असं सांगितलं की बहुतेक ड्रायव्हर पुढचा रस्ता कसा आहे ते कळवतात. मेलेल्या कांगारूवर गरुड बसलेला दिसला तर वेग आधीच कमी करावा. पोट भरलेला गरुड लवकर उडत नाही.

माणसांची भीती? समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. मीही उचलते. दोन वर्षांपूर्वी एमडेलच्या पुढे टायर फुटला. चाक बदलेपर्यंत तीन गाड्या आल्या, तिन्ही थांबल्या. पाणी आहे का, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. तिसऱ्या गाडीतले आजोबा कोबारकडे निघाले होते. त्यांनी माझे नट पुन्हा आवळून बघितले, सूर्याकडे एकदा पाहिलं, गाडी वळवली आणि विल्कॅनियाचा पूल दिसेपर्यंत माझ्यामागून आले.